तीन डब्यांची झाकणं

आठवी यादी बिनतक्रार छापून आली असती तर सातवालीच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. शनिवारच्या पुरवणीत सहाव्या पानावर, शब्दकोड्याच्या पायाशी तिला जो कोपरा मिळत असे, तो सुटून पहिल्या पानावरची उभी पट्टी मिळणार होती. पट्टीच्या डोक्यावर तिचा फोटो येणार होता, आणि तो तिने स्वतः निवडून ठेवलेला होता, मान किंचित तिरकी असलेला. कचेरीत खिडकीजवळचं टेबल मिळणार होतं, ज्याच्या खणाला कुलूप होतं. आणि एक गोष्ट ती कुणाला बोलून दाखवत नसे: "तू नक्की करतेस काय गं?" असं नात्यागोत्यात कुणी विचारलं की तोंडावर फेकता येईल असा एक हुद्दा. मानधन चहापाण्यापुरतं होतं आणि तेवढंच राहणार होतं, म्हणून ते जमेत धरत नाही.

खर्चाच्या बाजूला तिच्या मते काहीच नव्हतं. माणसाला आपल्या बेतात खर्च दिसत नाही, तेव्हा तो बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढलेला असतो.

सातवाली हे नाव तिला कचेरीतल्या लोकांनी दिलेलं. दर शनिवारी ती वाचकांना सात वस्तू सांगायची, चेहऱ्याला, अंगाला, घराला, जिवाला बऱ्या वाटतील अशा. त्या आठवड्यात तिच्याकडे रुंद दातांचा लाकडी कंगवा होता, धान्याची टरफलं भरलेली मानेची उशी होती, धुतलेल्या सुती कपड्याचा वास येणारी मेणबत्ती, पाय भिजवायचं मीठ, टाळी वाजवली की पेटणारा उशाकडचा दिवा, आणि झोपण्याआधी तीनच ओळी लिहायची वही. या सहांच्या डोक्यावर सातवं, आठवड्याचं रत्न: रात्री चेहऱ्याला लावायचं, वास नसलेलं क्रीम.

पुरवणी सांभाळणाऱ्या बाईंना सगळे पुरवणीबाई म्हणत. त्यांनी तिला आठ आठवडे दिले होते आणि अट एकच घातली होती: एकही तक्रार येता कामा नये. सातवालीच्या आधी जी मुलगी हे सदर लिहायची तिने केसांच्या एका तेलाची आरती ओवाळली, आणि पुढे तीन आठवडे वाचकांची पत्रं येत राहिली. काहींनी पाकिटात केस घालून पाठवले. पुरवणीबाईंनी तेव्हापासून कानाला खडा लावला होता.

सातवालीची स्वतःची चूक आठांपैकी दुसऱ्या यादीत झाली होती, पण ती घरातच मिटली. तिने एका साबणाचं भरभरून कौतुक केलं, आणि तिच्या नवऱ्याने, जो एरवी वर्तमानपत्राच्या मागच्या पानापलीकडे जात नसे, साबण हातात घेऊन विचारलं, हे साबणाबद्दल लिहिलंयस की खोक्याबद्दल. लागलं तिला ते. त्या दिवसापासून तिने घरात एक पद्धत घातली. वस्तू आली की ती सासूबाईंच्या ताब्यात जायची. सासूबाई दार लावून घ्यायच्या, क्रीम असेल तर ते मूळ डबीतून एकसारख्या पांढऱ्या डब्यांमध्ये काढायच्या, झाकणांवर नंबर टाकायच्या, कुठला नंबर कुणाचा ते एका कागदावर लिहून कागद साखरेच्या डब्याखाली दडपायच्या आणि खोकी-डब्या केराच्या गाडीत घालून यायच्या. सातवालीला फक्त नंबर ठाऊक. लिहायच्या दिवशी, गुरुवारी सकाळी, कागद उघडायचा. सासूबाई या कामावर फार खूश होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हातात उत्तरपत्रिका नव्हत्या. आता निदान गुपित तरी होतं.

नंबर झाकणावर का, डबीवर का नाही? कारण डब्या ट्रेमध्ये उभ्या असल्या की वरून झाकणंच दिसतात. सोय म्हणून. पाहुण्याचा पत्ता त्याच्या टोपीवर लिहून ठेवावा तशातली ही सोय, पण पाच आठवडे सगळ्यांच्या टोप्या जागेवर राहिल्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

राहिली धाकटी. ही सातवालीची नणंद, चोविशीतली, आणि घरातलं सगळ्यात मोलाचं यंत्र. सातवालीची कातडी गेंड्याची. तिला काहीही लावा, ढिम्म. सासूबाईंच्या सुरकुत्यांत काय चढलं नि काय उतरलं ते कळत नसे. धाकटीचा चेहरा मात्र सोनाराचा काटा होता. हातावर काही उठत नसे, मानेवर नाही, पण चेहऱ्यावर कुठेही चुकीची वस्तू वीस मिनिटांत बोलायला लागायची. या खेपेला तिच्या कपाळावर एक नंबर, डाव्या गालावर दोन, उजव्यावर तीन. एक नंबरने काही बरं केलं नाही, काही वाईट नाही. दोन नंबरने डावा गाल असा झाला की तीच सारखी हात फिरवून बघायची. तीन नंबरने पहिल्याच रात्री आग केली. खात्री करायला दुसऱ्या रात्री पुन्हा लावलं, तर पुन्हा तेच. मग थांबवलं. गुरुवारपर्यंत उजव्या गालावर नाण्याएवढा फिकट गुलाबी ठसा तेवढा उरला होता.

गुरुवारी सकाळी कागद उघडला. एक म्हणजे निळ्या खोक्याचं, दोन हिरव्या, तीन पिवळ्या. सातवालीने हिरव्या खोक्याच्या क्रीमवर दीडशे शब्द लिहिले, आणि प्रामाणिकपणाने सांगायचं तर चांगले लिहिले. 'ज्यांच्या चेहऱ्याला काहीच चालत नाही त्यांनी डोळे झाकून घ्यावं' असं त्यात एक वाक्य होतं. दुपारी मजकूर गेला. पुरवणीबाईंचा उलट निरोप आला: पहिल्या पानावर मांडून बघतेय, हिरव्या खोक्याचा फोटो मोठा घेतलाय, पान सातला बंद होईल.

साडेचारला सातवाली स्वयंपाकघरात चहा टाकत होती. सासूबाई टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या आणि घरातल्या चिकटपणाबद्दल बोलत होत्या. चिकटपणा हा त्यांचा आवडता विषय. ओट्याचा झाला, दाराच्या मुठींचा झाला. मग ओघाओघात त्या म्हणाल्या की त्या दिवशी डब्या भरताना झाकणांना इतकं क्रीम माखलं होतं की शेवटी तिन्ही काढून गरम पाण्यात घातली, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

सातवालीने गॅस बंद केला.

"नंबर टाकायच्या आधी की नंतर, आई?"

"नंतर. पण ती शाई जाणारी नाहीय. मी बघितलं ना, एक अक्षर पुसलं नाही."

"अहो, अक्षराचं नाही विचारत. परत कुठलं कुठल्या डबीवर लावलंत?"

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. लावली की ज्याच्या त्याला, त्या म्हणाल्या. कशावरून, असं सातवालीने विचारलं. वासावरून, त्या म्हणाल्या, आणि म्हणतानाच त्यांना कळलं. तिन्ही क्रीमं मुद्दाम बिनवासाची निवडलेली होती.

"म्हणजे अंदाजाने," सातवाली म्हणाली.

"तीस वर्षं मुलांचे पेपर तपासले मी. एका मुलाचे मार्क दुसऱ्याला गेले नाहीत कधी."

यावर बोलण्यासारखं बरंच होतं, पण घड्याळात चार पस्तीस झाले होते.

गुंता नीट समजून घ्या, कारण सातवालीने तो उभ्याउभ्याच समजून घेतला. परीक्षा खोटी नव्हती. दोन नंबरचं झाकण ज्या डबीवर होतं ते क्रीम खरंच गुणी होतं, आणि तीन नंबरचं खरंच आग लावणारं. कुठला गुण कुठल्या खोक्याचा, एवढंच आता देवाला ठाऊक. हिरवं खोकं गुणी असेल, किंवा मधलंच काहीतरी असेल, किंवा सातवालीने ज्यांच्या चेहऱ्याला काहीच चालत नाही अशा सगळ्या बायकांना डोळे झाकून आगीत जायला सांगितलं असेल.

तिने आधी तिन्ही डब्या काचेच्या बशीवर उलट्या करून पाहिल्या. तिन्ही पांढरी. एक जरा घट्ट वाटलं, मग दुसरं वाटलं. सासूबाई चष्मा लावून शेजारी उभ्या राहिल्या आणि ठामपणे म्हणाल्या की दोन नंबरचं हिरवंच, त्यांना आठवतंय, त्याला भरताना टोक येत होतं. टोक तिन्हींना येत होतं.

मग तिने पुरवणीबाईंना फोन केला. खरं काय ते सांगितलं नाही. समजा, असं म्हणाली, समजा सातातली एक वस्तू गाळावी लागली तर? पलीकडे कुणाला तरी ओरडणं चालू होतं ते थांबलं. सात म्हणजे सात, पुरवणीबाई म्हणाल्या. सहा सांगायला त्यांच्याकडे बागकामवाले आजोबा होते आणि त्यांच्या कुंड्यांबद्दल आजवर कुणी ब्र काढलेला नव्हता. पट्टी त्यांना जाईल. गाळायचं असेल तर पान बंद व्हायच्या आधी सांग, आणि नसेल तर मला असले समजा-बिमजा फोन करू नकोस. ठेवला.

तेव्हा एकच वाट उरली. हिरव्या खोक्याची नवी डबी दुकानातून आणायची आणि ती बोलते का बघायचं. दोन गल्ल्या पलीकडे सौंदर्यप्रसाधनांचं दुकान होतं. सातवाली घरातल्याच चपला घालून गेली. दुकानदाराने तिला ओळखलं, कारण तिच्या यादीत आलेली वस्तू सोमवारपर्यंत संपते हे त्याला अनुभवाने माहीत होतं. त्याने डोळे बारीक करून विचारलं, की या आठवड्यात हिरव्याचा नंबर लागतोय वाटतं, सांगा म्हणजे मी दोन पेट्या मागवून ठेवतो. ती हसली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. एकच डबी मिळाली. पिवळं आहे का, निळं आहे का, तिने विचारलं. ती दोन्ही आठवड्यापूर्वीच संपली होती.

परत येताना तिने एक हिशेब केला, आणि तो तिच्या बाजूने फार सोयीचा होता. धाकटीच्या गालावर ठसा उरलाच आहे. हिरवं म्हणजेच दोन नंबर असेल, तर ते लावून ठसा उलट बसेल. म्हणजे धाकटीचा फायदाच. सासूबाईंना टोक आठवतंय. तीस वर्षं पेपर तपासलेत. असं करत करत घराच्या पायऱ्या येईपर्यंत तिने शंकेला जवळजवळ औषध बनवून टाकलं होतं.

एकच गोष्ट या हिशेबात बसत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला धाकटीची नोकरी सुरू होणार होती. चष्म्याच्या दुकानात, दर्शनी काउंटरवर. आठ महिने घरी बसल्यावर मिळालेली. दुकानाच्या मालकाने तिला घेतानाच सांगितलं होतं की आमच्याकडे चारी भिंतींना आरसे आहेत, गिऱ्हाईक स्वतःला बघतं आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही बघतं.

सातवाली आत आली तेव्हा धाकटी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून सराव करत होती. इस्त्री केलेला निळा सदरा दाराला टांगलेला. "चष्मा थोडा मागे सरकवू का, नाकावर बसलाय ना?" असं ती आरशातल्या गिऱ्हाइकाला मऊ आवाजात विचारत होती, आणि मग आपल्याच आवाजाला हसत होती.

"वहिनी, बरं झालं आलीस. हा डाग उद्यापर्यंत जाईल ना गं?"

बघा, नशीब कधीकधी माणसाला असं वाक्य आयतं हातात देतं. सातवालीने पिशवीतच खोकं सोडून डबी उघडली होती. बोटावर थोडं क्रीम घेऊनच ती खोलीत आली होती.

"हे लाव. सकाळपर्यंत बसेल."

"दोन नंबरचं का?"

"दोन नंबरचंच."

धाकटीने डोळे मिटून गाल पुढे केला. तिने हात पुढे केला असता तर कदाचित सातवालीला वेळ मिळाला असता. गाल पुढे केला, मग बोट टेकवावंच लागलं. उजव्या गालावर, ठशावर आणि ठशाच्या भोवती. पाच वाजून चाळीस मिनिटं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. पिशवीतून डोकावणारा हिरवा कोपरा त्यांनी पाहिला होता. गुपित सांभाळणाऱ्या माणसाला गुपित लगेच कळतं. त्यांनी आपल्या मुलीच्या गालाकडे पाहिलं, मग सुनेकडे. तोंड उघडलं. पण टोक येत होतं हे त्यांचंही बोलणं पणाला लागलं होतं, आणि ते खरं ठरावं असं त्यांना मुलीच्या गालाइतकंच वाटत होतं, निदान त्या मिनिटाला. त्या तोंड मिटून मटाराकडे परत गेल्या.

पुढचा अर्धा तास घर फार शांत होतं. सातवाली बैठकीच्या खोलीत मजकुराची प्रत घेऊन बसली, पण वाचत होती घड्याळ. पाच पंचावन्न. आतून धाकटीचा आवाज येत होता, दूरचं वाचून दाखवा, आता जवळचं. सहा वाजले. तीन नंबरने वीस मिनिटांत सुरुवात केली होती, हे तिच्याच वहीत तिच्याच अक्षरात होतं. वीस मिनिटं झाली. आतून, लांबची काच वेगळी आणि जवळची वेगळी, असं काहीतरी. सहा पाच. स्वयंपाकघरात सासूबाईंनी सोललेले मटार एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले आणि परत पहिल्यात ओतले. सातवालीच्या खांद्यांत जरा सैल वाटायला लागलं. पट्टीवर आपला फोटो जरा डावीकडे घ्यायला सांगावा, एवढाही विचार तिने करून घेतला.

सहा दहाला आतला सराव थांबला.

सातवाली उठली नाही. आवाज परत सुरू होईल म्हणून थांबली. तो झाला नाही. मग नळाचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

ती न्हाणीघराच्या दाराशी गेली तेव्हा धाकटी वाकून चेहऱ्यावर पाण्याचे हबके मारत होती. तिने मान वर केली. ठसा आता ठसा राहिला नव्हता. गालाच्या हाडापासून जबड्यापर्यंत लाल, आणि डोळ्याखालचा भाग फुगायला लागलेला. गेल्या आठवड्यातली कातडी अजून कच्ची होती. तिच्यावर हे पडलं.

"हे तीन नंबर आहे," धाकटी म्हणाली. तिने विचारलं नाही, सांगितलं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

सातवाली म्हणाली, थांब, बर्फ आणते. धाकटीने तिचा हात धरला, ओल्या हाताने, जोरात नाही.

"तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं गं. झाकणं बदललीत की नाही तेच कळत नव्हतं, म्हणून तर..."

"म्हणून तर माझ्या गालावर पाहिलंस."

सातवालीच्या जिभेवर तीन-चार वाक्यं आली, वाचकांबद्दल, सात वाजताच्या पानाबद्दल. ती सगळी तिने गिळली. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या की चूक माझी, झाकणं मी धुतली. हे खरं होतं आणि उपयोगाचं नव्हतं. धाकटीने आईकडे पाहिलं आणि तिला विचारलं, तू बघत होतीस ना दारातून.  बर्फ आणायला सासूबाईच गेल्या.

सहा पस्तीस झाले. सातवालीने फोन हातात घेतला, पण नंबर फिरवला नाही, आणि का फिरवला नाही ते लपवण्यात अर्थ नाही. तिच्या डोक्यात नवं गणित आलं होतं. हिरवं म्हणजे तीन, हे आता पक्कं. म्हणजे गुणी क्रीम निळं तरी, नाहीतर पिवळं. आणि जर दोनच झाकणांची अदलाबदल झाली असेल, दोनाच्या आणि तिनाच्या, तर गुणी ते पिवळं. तसंच झालं असण्याचा संभव जास्त. मजकुरात एक शब्द बदलायचा, हिरव्याच्या जागी पिवळं. फोटो बदलायला पुरवणीबाई कुरकुरतील, पण करतील. सातचे सात राहतील.

बर्फाचं फडकं घेऊन आलेल्या सासूबाईंनाही तेच सुचलं असावं, कारण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पिवळं लिहून टाक. मला आता आठवतंय, पिवळंच होतं दोन."

धाकटी पलंगावर बसली होती, फडकं गालाला धरून. तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"पिवळं असेल तर आण, वहिनी. डावा गाल आहे अजून."

त्या वाक्यात राग असता तर सातवालीला बरं वाटलं असतं. रागाची समजूत घालता येते. धाकटी खरोखरच सांगत होती, की तुला हवंच असेल तर घे ही परीक्षा पण, मी काय, आहेच.

सातवालीने फोन लावला. सहा त्रेचाळीस झाले होते. या वेळी समजा म्हणाली नाही. क्रीमची शिफारस काढा, ती म्हणाली, कुठल्याच क्रीमची घालू नका, झाकणांची अदलाबदल झाली आहे, कुठलं कुठलं आहे ते मला माहीत नाही. पुरवणीबाईंनी जे ऐकवलं ते सगळं इथे देण्यासारखं नाही. शेवटी त्या म्हणाल्या की पिवळं टाकूया का, पान मोकळं कसं सोडू. नाही, सातवाली म्हणाली. का नाही? माहीत नाही म्हणून नाही. पुरवणीबाई म्हणाल्या, "मग गेली तुझी पट्टी," आणि फोन ठेवला.

आता इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण पट्टी गेली नाही. पान इतकं उशिरा उघडलं की बागकामवाले आजोबा फोनवर सापडले नाहीत. ते सहालाच झोपतात. पुरवणीबाईंनी हिरव्या खोक्याच्या जागी लाकडी कंगव्याचा फोटो वाढवला आणि तळाशी दोन ओळी घातल्या: 'या आठवड्यात सातवी वस्तू नाही. तपासताना डब्यांची झाकणं बदलली, त्यामुळे कुठल्याही क्रीमबद्दल आम्ही खात्रीने सांगू शकत नाही.' गालाबद्दल त्यात काही नव्हतं. सातवालीने तसं कळवलंही नव्हतं.

वाचकांना त्या दोन ओळी फार आवडल्या. इतकं प्रामाणिक कोण लिहितं आजकाल, अशी पत्रं आली. कंगवे संपले. तक्रार एकही आली नाही. मंगळवारी पुरवणीबाईंनी तिला बोलावून खिडकीजवळच्या टेबलाची किल्ली दिली आणि फोटो डावीकडे हवा की उजवीकडे ते विचारलं.

शुक्रवारी सकाळी दहाला धाकटी कामावर गेली होती. डोळा अर्धा मिटलेला, गालावर ओढणी धरून. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने तिला परत पाठवलं नाही. आरशांपासून दूर, मागच्या खोलीत काचा पुसून चष्मे त्यांच्या घरांत भरायच्या कामाला बसवलं, बरं वाटेपर्यंत. काउंटरवर त्याने दुसरी एक मुलगी उभी केली. नऊ दिवसांनी धाकटीचा गाल पूर्ववत झाला, पण तोवर ती मुलगी गिऱ्हाइकांच्या सवयीची झाली होती. मालक म्हणाला, पुढे बघू. ते पुढे अजून आलेलं नाही.

तर आता बेरीज. पुरवणीबाईंना भरलेलं पान मिळालं. हिरव्या खोक्याचं काहीच गेलं नाही. त्याचं नावच छापलं नाही. दुकानदाराने दोन पेट्या मागवल्या नव्हत्या, तेव्हा तोही सुटला. सासूबाईंनी गुपितांचं काम आपणहून सोडलं. मुलगी त्यांच्याशी बोलते, पण डोळ्याला डोळा भिडवून नाही, आणि हा त्यांचा भरणा थोडाथोडका नाही. सातवालीला पट्टी, फोटो, कुलपाचा खण, हुद्दा, मागितलं ते सगळं मिळालं. तिचं गेलं ते एवढंच, की आता घरात कुणीही तिच्या हातचं काही न विचारता गालाला लावत नाही. बाकी सगळं धाकटीने भरलं, नऊ दिवस चेहऱ्याने आणि त्यापुढे काउंटरने, आणि ज्या दिवशी ती मागच्या खोलीत पहिली काच पुसत होती त्या दिवशी पुरवणीच्या छापखान्यात तिच्या वहिनीचं नाव पहिल्या पानावर चढत होतं.